यहुदीद्वेष, विद्यालय आणि कायद्याची परिभाषा

विद्यालयात एखाद्या समाजाविषयीचा द्वेष प्रकट झाला, तर त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी त्या समाजाला प्रथम कायद्यातील एखाद्या शब्दात स्थान मिळावे लागते. छळ झाला हे सिद्ध करणे ही पुढची पायरी होय. तो छळ कोणत्या कारणावरून झाला, या प्रश्नाचे उत्तर कायद्याला मान्य असलेल्या संज्ञेत देता आले नाही, तर न्यायालयाचे दार उघडतच नाही. यहुदी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष ठळकपणे दिसते. कारण यहुदी हा धर्म की वंश, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार भाषाभ्यासाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

महाराष्ट्राला यहुदी समाज परका नाही. कोकणपट्टीत, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायलांची मातृभाषा मराठी. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा रिवाज यांवरून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. पेणकर, केहिमकर अशी आडनावे त्यांनी इतर कोकणस्थांप्रमाणेच गावांवरून घेतली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत या समाजासाठी शाळा निघाली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्धीस आली. पुणेकरांना तर 'लाल देऊळ' हे कँपातील यहुदी प्रार्थनामंदिराचे नाव तोंडपाठ आहे. या समाजाला शेजाऱ्यांकडून द्वेषाचा अनुभव सहसा आला नाही. तथापि महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्याला अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली, आणि त्या मान्यतेची समाजाला गरजही वाटली. शेजाऱ्यांचा सलोखा आणि कायद्यातील नाव या दोन भिन्न गोष्टी आहेत; पहिली असताही दुसरी आवश्यक ठरते.

आता ज्या संज्ञेने हा द्वेष युरोपात ओळखला जातो तिच्याकडे वळू. 'सेमिटिक' हा मुळात भाषाशास्त्राचा शब्द. बायबलमधील नोहाचा पुत्र शेम याच्या नावावरून श्ल्योत्सर या जर्मन विद्वानाने १७८१ साली हिब्रू, अरबी, अरमाइक इत्यादी भाषांच्या कुळाला हे नाव दिले. पुढे भाषांचे हे वर्गीकरण माणसांवर लादले गेले. विल्हेल्म मार याने १८७९ मध्ये 'सेमिटिक-विरोध' या शब्दाचा जर्मनीत प्रचार केला, तेव्हा त्याला अरबी किंवा अरमाइक बोलणारे अभिप्रेत नव्हते. केवळ यहुदीच अभिप्रेत होते. जुन्या धार्मिक वैराला शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले, इतकेच. 'आर्य' या शब्दाचीही अशीच दुर्दशा झाली. भाषाकुल म्हणजे वंश नव्हे, याचे उदाहरण हवे असेल तर आपल्याला दूर जावयास नको. घरात मराठी, म्हणजे 'आर्य' कुळातील भाषा, बोलणारा बेने इस्रायल हेच त्याचे उत्तम उदाहरण होय. म्हणून मराठीत 'सेमिटिक-विरोध' असे भाषांतर न करता 'यहुदीद्वेष' म्हणणे अधिक यथार्थ आहे.

शब्दाच्या या अपभ्रष्ट अर्थाने शाळांची दारे कशी बंद केली, हे जर्मनीने दाखविले. २५ एप्रिल १९३३ रोजी तेथे शाळा व विद्यापीठे यांतील 'गर्दी' कमी करण्याचा कायदा झाला. त्याअन्वये नव्या प्रवेशांत 'अनार्य' विद्यार्थ्यांचे प्रमाण दीड टक्क्यावर आणि एकूण संख्येत पाच टक्क्यांवर बांधून टाकण्यात आले. आजा-आजींपैकी एक यहुदी असला तरी माणूस 'अनार्य' ठरे. स्वतः त्याने बाप्तिस्मा घेतलेला असला तरी सुटका नव्हती. द्वेष करणाऱ्याने येथे धर्म विचारला नाही, कूळ विचारले. यावरून एक तत्त्व निष्पन्न होते: संरक्षण देणाऱ्या कायद्यात केवळ 'धर्म' हा शब्द असून भागत नाही.

अमेरिकेतील अडचण नेमकी याच्या जोडीची होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करण्यास मनाई केली. 'धर्म' हा शब्द मात्र त्या यादीत नाही. मग यहुदी विद्यार्थ्याने कोणत्या शब्दाखाली उभे राहावे? या प्रश्नास १९८७ च्या एका निर्णयाने दिशा दाखविली. मेरीलँड राज्यातील एका सिनेगॉगच्या भिंती द्वेषपूर्ण घोषणांनी विद्रूप केल्याचा तो खटला १८६६ च्या कायद्याखाली चालला होता. आजच्या समजुतीनुसार यहुदी हा निराळा वंश नव्हे, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आज काय समजतात हा प्रश्न नाही. १८६६ साली कायदा करणाऱ्यांनी 'वंश' या शब्दात कोणाकोणाचा समावेश केला असता, हा प्रश्न आहे. म्हणजे न्यायालयाने शब्दाचा ऐतिहासिक अर्थ ग्राह्य धरला.

ब्रिटनमध्ये याच सुमारास उलट वाटेने तेच साधले गेले. बर्मिंगहॅममधील एका खाजगी शाळेने पगडी उतरविल्याशिवाय एका शीख मुलास प्रवेश देण्याचे नाकारले. १९७६ च्या कायद्यातही 'धर्म' हा शब्द नव्हता. मांडला विरुद्ध डॉवेल ली या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने शीख हा कायद्याच्या दृष्टीने एक मानववांशिक समूह असल्याचा निर्वाळा दिला. दीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा ही त्याची मुख्य लक्षणे सांगितली. येथे शब्दाचा जिवंत, प्रचलित अर्थ ग्राह्य धरण्यात आला.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये स्पष्ट केले की, समान कूळ वा वांशिक वैशिष्ट्ये यांवरून यहुदी, शीख, मुसलमान इत्यादी विद्यार्थ्यांचा छळ झाल्यास सहावे प्रकरण लागू होते. २००४ च्या धोरणाचे कर्ते केनेथ मार्कस यांनीच पुढे लुई ब्रँडाइस यांच्या नावाने, अशा विद्यार्थ्यांची बाजू मांडणारी संस्था स्थापन केली.

शब्दाचे दार उघडल्यावर वकिलाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: छळ इतका तीव्र व व्यापक होता की शिक्षणात बाधा आली, संस्थेस तो ठाऊक होता, आणि ठाऊक असूनही संस्थेने जाणूनबुजून दुर्लक्ष केले. तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व २०२४ च्या दोन निर्णयांत दिसते. मॅसॅच्युसेट्समधील एकाच न्यायाधीशाने जुलैत एम.आय.टी. विरुद्धचा दावा फेटाळला, कारण संस्थेने काही ना काही उपाय योजले होते. ऑगस्टमध्ये हार्वर्डविरुद्धचा दावा मात्र पुढे चालू दिला. हार्वर्डने जानेवारी २०२५ मध्ये तडजोड केली, एम.आय.टी. विषयीचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये अपिलात कायम झाला.

वादाचा खरा केंद्रबिंदू मात्र निराळाच आहे. कोणते बोलणे द्वेषाचे आणि कोणते राजकीय मताचे? आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघाने २०१६ साली स्वीकारलेल्या व्याख्येस जोडलेल्या उदाहरणांपैकी कित्येक इस्रायल राष्ट्राविषयीच्या विधानांची आहेत. ती व्याख्या ज्या मसुद्यावरून आली त्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत तिला नियमाचे रूप देण्यास विरोध केला. घटनांची नोंद ठेवण्याचे साधन हा तिचा मूळ हेतू, असे त्यांचे म्हणणे. २०२१ मध्ये विद्वानांच्या एका गटाने जेरुसलेम येथून पर्यायी व्याख्या प्रसिद्ध केली. उलटपक्षी, निश्चित व्याख्येवाचून अधिकारी तक्रारीची दखलच घेत नाहीत, हा विद्यार्थ्यांच्या वकिलांचा युक्तिवादही हलका नाही. भाषाभ्यासकास येथे एवढे सांगता येईल की, वाक्याचा अर्थ वक्ता, श्रोता, स्थळ आणि प्रसंग यांवाचून ठरत नाही. सभेत राष्ट्राच्या धोरणावर केलेली टीका आणि वसतिगृहातील एका मुलीच्या दारावर तिच्या कुळामुळे लिहिलेले तेच वाक्य, या दोन वेगळ्या कृती आहेत. शब्दांची यादी हा भेद ओळखू शकत नाही. प्रसंगाची चौकशी ओळखू शकते.

आपल्या राज्यघटनेची यादी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान. सरकारी व अनुदानित संस्थांतील प्रवेशाविषयीच्या अनुच्छेद २९(२) मध्ये धर्म, वंश, जात व भाषा. ज्या हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, अण्णासाहेब कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाची वसाहत उभी केली, तेथील वाचकास दुसऱ्या यादीत 'लिंग' नाही हे जाणवल्यावाचून राहणार नाही. 'भाषा' या शब्दाचे सामर्थ्य देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात दिसले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांव्यतिरिक्त कोणास प्रवेश देऊ नये, असा आदेश मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये काढला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला. राष्ट्रभाषेचा उत्कर्ष हा हेतू कितीही चांगला असो, प्रवेश नाकारण्याचे साक्षात कारण भाषा हेच होते, असा त्या निर्णयाचा आशय.

छळाच्या प्रश्नावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम केले. ते परिणामकारक व्हावेत यासाठी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे नियम चालू ठेवले. वाद होता तो 'जात-आधारित भेदभाव' या संज्ञेच्या व्याख्येत कोणास घ्यावे, याविषयी! बॉस्टन आणि दिल्ली येथील प्रश्न भिन्न खरे. पण दोहोंची गाठ एकाच ठिकाणी बसलेली आहे.

सारांश, नियम करणाऱ्यांनी तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. विद्यार्थी कोणत्या शब्दाखाली संरक्षण मागू शकतो. कोणती कृती छळ ठरते. आणि संस्थेचे कर्तव्य केव्हा सुरू होते. पहिल्याचे उत्तर उदार असावे, दुसऱ्याचे प्रसंग पाहून द्यावे, तिसऱ्याचे निःसंदिग्ध असावे. हे तीन प्रश्न एकाच व्याख्येत कोंबले, की व्याख्येवर वाद चालू राहतो आणि तक्रार करणारा विद्यार्थी दाराबाहेर तिष्ठत राहतो.