स्वयंपाकात शिकायचं काय, असं म्हणू नका!

मैत्रिणींनो, दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर एकच विषय असतो. मुलगा असेल तर इंजिनिअरिंग, मुलगी असेल तर नर्सिंग, नाही तर बी. ए. करून बी. एड. अशा वेळी एखादी मुलगी हळूच म्हणाली, “मला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय, बेकरीचं शिकायचंय,” तर काय होते? आधी घरात शांतता, मग हशा. आजी म्हणते, “अगं, पोळ्या लाटायला का कॉलेजात जायचं असतं?” वडील म्हणतात, “म्हणजे पैसे भरून दुसऱ्यांची उष्टी काढायची!” मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. अशी एखादी मुलगी दर दोन-तीन वर्षांनी भेटतेच. परवा एकीच्या आईनेच मला विचारले, “बाई, तुम्हीच सांगा, स्वयंपाकात शिकायचं ते काय? तो तर आपल्याला येतोच.”

येतोच, हे खरे. पण त्यात शिकण्यासारखे काय आहे ते मी सांगायचे ठरवले आहे. आधी आपल्या गावाकडेच पाहू या, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

पाहुणचाराचे गाव

आमचे तुळजापूर म्हणजे आई भवानीचे गाव. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आणि नवरात्रात तर विचारूच नका! दूरदूरहून माणसे येतात. चालत येतात, एस. टी.ने येतात, आता गाड्या घेऊन येतात. त्यांतली कित्येक अजूनही पिढ्यान् पिढ्यांच्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात. यजमान आले की गाद्या घालायच्या, अंघोळीचे पाणी तापवायचे, पुरणपोळीचा नैवेद्य करायचा, पंगत वाढायची, आणि ते निघाले की पुन्हा सगळे झाडून-पुसून पुढच्यांसाठी तयार!

आता गंमत ऐका. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात मुख्य विषय असतात चार. पहिला, आलेल्या पाहुण्याचे स्वागत आणि नोंद. दुसरा, खोल्यांची स्वच्छता आणि व्यवस्था. तिसरा, खाद्यपदार्थ तयार करणे. चौथा, ते नीट वाढणे. आहे की नाही हुबेहूब आपल्या वाड्यातले काम? पण वाड्यात ते “घरचं काम” असते. त्याला पगार नाही, नाव नाही, आणि कुणी विचारले तर बाई सांगते, “मी काही करत नाही, घरीच असते.” गावचा निम्मा व्यवहार ज्या हातांवर चालतो, ते हात “काही करत नाहीत”! मला खटकते ते हे.

ही वाट बायकांनीच पाडली

हे शिक्षण म्हणजे परदेशी थाट, आपल्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटत असेल तर जरा मागे जाऊ या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशात धान्याची टंचाई होती. त्या काळात लीलावती मुन्शी यांनी महिलांची एक अखिल भारतीय अन्न परिषद उभी केली. कमी धान्यात पोषक जेवण कसे द्यावे, हे लोकांना दाखवण्यासाठी परिषदेने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे चालवली. पण ती चालवायला शिकलेली माणसे हवीत ना? म्हणून १९५४ साली मुंबईत आपल्या देशातली या विषयाची पहिली संस्था निघाली. आज दादरला असलेली हॉटेल मॅनेजमेंटची मोठी संस्था ती हीच. तिच्या नावात ‘केटरिंग’च्या जोडीला ‘पोषणशास्त्र’ही आहे, ते याचमुळे.

पुढे थंगम फिलिप नावाच्या केरळी बाईंनी अनेक वर्षे या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले. त्यांनी या धंद्याच्या शिक्षणासाठी पाककलेचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा सांगायचे काय, की पांढरी उंच टोपी घातलेला शेफ आपल्याला टी. व्ही.वर पुरुषच दिसत असला, तरी आपल्याकडे या विद्येची शाळा बायकांनी काढली आणि बायकांनी नावारूपाला आणली.

मग शिकवतात तरी काय?

पहिली गोष्ट, माप. आपल्या आया-सासवा “अंदाजाने घाल” म्हणायच्या. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याचे माप घराघरांत पोचले. नव्या सुनांना केवढा आधार झाला! पण चार माणसांच्या घरात वाटी चालते, चारशेंच्या पंगतीला चालत नाही. माझी वाटी वेगळी, तुमची वेगळी. म्हणून शिकताना सगळे वजनावर असते.

पावाचेच पाहा. बेकरीत मैदा नेहमी १०० धरतात आणि बाकी सगळे त्याच्या हिशेबात सांगतात. साध्या पावाला पाणी ६०, मीठ २, ताजे यीस्ट २, साखर ४. म्हणजे एक किलो मैद्याला ६०० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम यीस्ट आणि ४० ग्रॅम साखर. उद्या पाच किलोची ऑर्डर आली तर पाचाने गुणा, झाले! आज फुगला, उद्या बसला, असा प्रकार नाही. हे गणित आपल्या सातवीच्या मुलीलाही जमेल.

दुसरी गोष्ट, ‘का?’चे उत्तर. भाकरीच्या पिठात आपण कढत पाणी घालतो. का? ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. गव्हाची कणीक ताणली जाते, ज्वारीचे पीठ तुटते. कढत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ बांधले जाते. आजीला हे हातांनी ठाऊक होते. पण कारण समजले की त्यातून नवे सुचते. नुसत्या ज्वारीचा पाव मैद्याच्या पावासारखा फुगणार नाही, पण नानकटाई किंवा बिस्किटे छान होतील, कारण ती खुसखुशीतच हवी असतात, ताणायची नसतात. दिवाळीत आपण रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत रांग लावतो आणि डबे भरून नानकटाई भाजून आणतो. भट्टीतली विद्या शिकलेली एखादी पोर आपल्याच गल्लीत असती तर? ज्वारी आपली, शेंगदाणे आपले, भूम-कुंथलगिरीकडचा खवा आपल्याच जिल्ह्यातला. माल दाराशी आहे, त्याचे काय करता येईल हे सुचायला मात्र शिक्षण लागते.

तिसरी गोष्ट, अन्नाची सुरक्षितता. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे, नाही तर ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. मोठ्या पातेल्यातला भात तसाच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे. थंड करायचाच तर पसरट भांड्यात काढावा, म्हणजे लवकर निवतो. आपल्या मराठवाड्यात नवरात्रात भगरीने लोकांना बाधा झाल्याच्या बातम्या अनेकदा वाचायला मिळतात. जुनी, दमट जागी ठेवलेली भगर किंवा दळून ठेवलेले तिचे पीठ यांत बुरशी वाढते. तेव्हा भगर पाकीटबंद घ्या, तारीख पाहा आणि लागेल तेवढीच दळा. जिथे देवीच्या नावाने हजारो लोक जेवतात, त्या गावात हे ज्ञान असणे ही चैन म्हणायची का?

तासाला तीस रुपये

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आपण घरी कधी शिकत नाही. हिशेब!

समजा, एक बाई नैवेद्याची दहा ताटे करून देते. एका ताटाला सामान ७० रुपये, गॅस ८, मदतनीस बाईचे २०, भांडी-पत्रावळी-बांधाबांध ७. झाले १०५. ताट विकले १२० ला. राहिले १५ रुपये. दहा ताटांचे दीडशे. बाई खूष, वरखर्चाला पैसे झाले! पण डाळ निवडण्यापासून शेवटची पोळी उतरवेपर्यंत तिचे पाच तास गेले. म्हणजे तासाला ३० रुपये! तिच्या मदतनीस बाईला दहा ताटांमागे २०० मिळाले, आणि मालकिणीला १५०. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे तुम्ही घालून पाहा.

शिकलेली मुलगी आधी स्वतःच्या श्रमाचे पैसे धरते, मग ताटाची किंमत ठरवते. सामानाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत ठेवावा, असा या धंद्यात आडाखा असतो. आपल्या बाईचे सामानच ५८ टक्क्यांवर गेले होते. मग उरणार काय?

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. गिरणी कामगारांना वर्षानुवर्षे त्यांनी जेवू घातले. हाताला चव होती, पण सावकाराचे व्याज सगळे गिळून टाकत असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाची कमाई त्यांच्या पदरात पडू लागली. चवीला हिशेबाची जोड लागते ती अशी.

कुठे शिकता येईल?

मुलगी दहावी झाली असेल तर आधी आय. टी. आय.कडे पाहा. तिथे ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ आणि ‘फूड प्रॉडक्शन’ असे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक आय. टी. आय.मध्ये ते नसतात. जवळ कुठे आहेत ते प्रवेशाच्या वेळी विचारून घ्या. आणि बरं का, आय. टी. आय.ला वयाची वरची मर्यादा नाही. मुलीबरोबर आईलाही अर्ज करता येतो!

बारावीनंतर तीन वर्षांची पदवी आहे. सरकारी संस्थांसाठी देशभर एकच प्रवेश परीक्षा होते. तिचा कारभार पाहणारी राष्ट्रीय परिषद १९८२ सालची. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरलाही १९८९ साली ताज हॉटेलच्या सहकार्याने अशी संस्था निघाली, त्यामुळे मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. पदवी नको असेल तर अशा काही संस्थांत स्वयंपाक आणि बेकरीचे छोटे अभ्यासक्रमही असतात.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची गावोगावची कॉलेजे आहेत. नोकरी-संसार सांभाळणारी मोठी माणसेही तिथे अशी कामाची विद्या शिकतात. त्याच धर्तीवर आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३-१४ च्या सुमारास काही कॉलेजांना असे अभ्यासक्रम दिले. पाठोपाठ ‘बी. व्होक.’ पदवी आली. तिची सोय अशी, की एक वर्ष केले तर डिप्लोमा, दोन केली तर वरचा डिप्लोमा, तीन केली तर पदवी. मध्येच लग्न झाले, बाळंतपण आले, तरी झालेले शिक्षण वाया जात नाही.

आणि आपल्यासारख्या संसारात गुंतलेल्यांनी? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात चौकशी करावी. ग्रामीण भागातल्यांसाठी बँकांनी चालवलेल्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथले लहान मुदतीचे वर्ग मोफत असतात. आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारले की पत्ता मिळतो. आणि घरून पदार्थ विकायचे असतील, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, हे विसरू नका.

आईबापांनी काय विचारावे?

सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. या कामात तासन् तास उभे राहावे लागते. भट्टीची धग असते. सणावाराला, जेव्हा सगळे सुट्टीवर, तेव्हा यांची खरी धावपळ. शिकताना काही महिने मोठ्या हॉटेलात प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि तिथे रात्रपाळी येऊ शकते. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात स्पष्ट विचारा. संस्थेला कुणाची मान्यता आहे? मुलींना प्रत्यक्ष कामासाठी कुठे पाठवतात? राहण्याची सोय काय, रात्री घरी पोचवायला गाडी मिळते का? फीमध्ये गणवेश, सुऱ्या, सामान धरले आहे की वेगळे? घरी मांस-मच्छी चालत नसेल, तर शाकाहारी शिक्षणाची सोय आहे का? दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात, तिथे स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती आहे ना, हेही विचारा. विचारण्यात लाज कसली?

आणि एक प्रश्न घरातही विचारावा. मुलीला इंजिनिअरिंगला घालायचे तर आपण कर्ज काढतो. मग जे काम तिला मनापासून आवडते, ते शिकायला पैसे घालताना आपला हात का आखडतो? “तो तर येतोच” म्हणून? गाणेही कितीकींना येते, तरी आपण गाण्याच्या क्लासला पाठवतोच की!

तोवर एवढे करा. एक छोटा वजनकाटा आणि शंभर पानी वही घरात आणा. आठ दिवस जे कराल ते वजन करून लिहा, सामानाचा खर्च लिहा आणि घड्याळात पाहून आपला वेळही लिहा. मुलीला बेरीज करायला बसवा. आठव्या दिवशी ती वही घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. “तू घरी काय करतेस?” हा प्रश्न त्यानंतर कोण विचारतो, ते मला जरूर कळवा.