हुलगे, मटकी, हरभरा आणि साखर

राहात्याच्या घराघरांत मधुमेहाचं निदान झालं की आधी भात बंद होतो, मग बटाटा. ताटातल्या उसळीचा विचार मात्र कुणी करत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

उकडलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे साखर वाढतेच. पण सोबत ९ ग्रॅम प्रथिनं आणि ७-८ ग्रॅम तंतू असल्याने पचन सावकाश होतं आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. कॅनडातल्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २०१२ मध्ये मधुमेहाच्या १२१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज किमान एक कप शिजवलेली कडधान्यं खाणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ०.५ टक्क्याने उतरली. गव्हाचे तंतू वाढवलेल्यांची ०.३ टक्क्याने.

या कडधान्यांचं बी आपल्याच जिल्ह्यात आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘दिग्विजय’ हरभरा दिला, तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे गावरान वाण जपले.

हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आपल्या जिवाभावाचे. पण दळलेलं पीठ अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचतं, म्हणून रोजच्यासाठी मोड आलेल्या हुलग्यांची उसळ बरी. तीत गूळ नको, वर फरसाण नको. वाटीभर उसळ घेतली की एक भाकरी कमी करा. भाकरी तेवढीच ठेवून उसळ वाढवली तर उपयोग नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, अथवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.