परत आलेलं पाकीट

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथे जवळपास पाचशे गावं-शहरं आहेत. लहान गावातलं ‘टाउन ऑफिस’ म्हणजे एक काउंटर, दोन-तीन माणसं आणि एक प्रिंटर. गाडीची नोंदणी, कुत्र्याचा परवाना, शिकारीचं लायसन्स, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळं तिथेच. घरपट्टीची वसुलीही तिथेच. आणि दर वर्षी एकदा या दोन-तीन माणसांना बाकी कामं सांभाळून थकबाकीच्या नोटिसांची पाकिटं भरत बसावं लागतं.

हे काम झटपट कसं करायचं, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, कारण इथे नोटीस म्हणजे नुसती आठवण नसते.

आधी कायद्याचं घड्याळ समजून घेऊ. कराची यादी वसुलीसाठी टॅक्स कलेक्टरच्या हवाली होते (कलेक्टर म्हणजे इथे जिल्हाधिकारी नव्हे, साधा कर गोळा करणारा). त्या तारखेपासून 8 महिने उलटल्यावर, पण वर्ष पुरं व्हायच्या आत, थकबाकीदाराला 30 दिवसांची नोटीस द्यायची. ती हातोहात देता येते, पण बहुतेक गावं सर्टिफाइड मेलने, पोचपावती मागून पाठवतात. आपल्याकडच्या पूर्वीच्या रजिस्टर ए.डी.चाच हा भाऊ. ते 30 दिवस संपले की पुढच्या 10 दिवसांत जमिनीच्या नोंदणी कार्यालयात ‘लीन’ नोंदवायचा. सातबाऱ्यावर बोजा चढवतात, तसंच. त्यानंतर मालकाला 18 महिने मिळतात. त्या मुदतीच्या शेवटी, 30 ते 45 दिवस आधी, आणखी एक सर्टिफाइड नोटीस जाते. तरीही पैसे भरले नाहीत तर घर आपोआप गावाच्या मालकीचं होतं. कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही.

म्हणजे मालक आणि घर यांच्यामध्ये उभं काय असतं, तर टपालाची पाकिटं.

आता कामाकडे येऊ. साठ थकबाकीदार आहेत असं धरा. काहींच्या घरांवर कर्ज असतं, तेव्हा बँकेलाही नोटीस द्यावी लागते. पाकिटं शंभराच्या घरात जातात. साधं टपाल, सर्टिफाइडची फी आणि हिरव्या कार्डाची पोचपावती धरून एका पाकिटाला सुमारे 10 डॉलर पडतात, आणि टपालाचा तो खर्च शेवटी थकबाकीदाराच्याच खात्यावर चढतो. हाताने करायचं तर प्रत्येक पाकिटावर पत्ता, हिरव्या कार्डावर पुन्हा तोच पत्ता, लेबलवरचा लांबलचक नंबर कार्डावर, मग तो नंबर वहीत. एक आकडा चुकला की पोचपावती कोणत्या घराची, याचा पत्ता लागत नाही.

उपाय साधा आहे: एकच यादी, आणि नोटीस, पाकिटावरचा पत्ता, टपाल नंबर, पोस्टाला द्यायची सूची हे सगळं त्याच यादीतून छापायचं. खिडकीचं पाकीट वापरलं तर पत्ता नोटिशीवरच असतो, त्यामुळे एकाची नोटीस दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची शक्यता जवळजवळ संपते. पोचपावती कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक घेतली तर स्वस्त पडते आणि सहीची प्रत फाइलमध्ये राहते.

यात एक्सेलच्या खोड्या मात्र ओळखून असाव्यात. मेनचे सगळे झिप कोड शून्याने सुरू होतात. बँगोर शहराचा 04401 हा कोड एक्सेल निमूटपणे 4401 करून टाकतं. जमिनीचा नकाशा-क्रमांक 12-4 असेल तर त्याची 4 डिसेंबर करून ठेवतं. त्यामुळे हे रकाने आधीपासून ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवायचे. शंभर पाकिटांचा गठ्ठा पोस्टात घेऊन जायच्या आदल्या रात्री हे लक्षात येण्यात अर्थ नाही.

गठ्ठा एकाच दिवशी टाकणंही महत्त्वाचं. तीन दिवसांत विभागून टाकला तर 30 दिवसांची मुदत तीन वेगवेगळ्या दिवशी संपते आणि पुढच्या 10 दिवसांच्या खिडक्याही तीन होतात.

पुराव्याची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ‘बल्क’ या शब्दाने फसायला होतं. पोस्टाकडे घाऊक टपालाचं एक स्वस्त प्रमाणपत्र मिळतं. त्यावर लिहिलेलं असतं, अमुक इतकी पाकिटं मिळाली. कोणाच्या नावाची, हे त्यात नसतंच. उद्या कोणी कोर्टात म्हणालं, मला नोटीस आली नाही, तर तो आकडा काय कामाचा? सर्टिफाइड पाकिटांसाठी नावानिशी, पत्त्यानिशी, नंबरनिशी सूची करून काउंटरवर शिक्का मारून घ्यायची. वरच्या यादीतून ती एका क्लिकमध्ये निघते.

इतकं केलं की दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांवर येतं. बहुतेक ऑफिसं इथेच थांबतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं: परत आलेल्या पाकिटांपासून.

2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स’ या खटल्यात निकाल दिला. आर्कान्सामधल्या लिटल रॉकचं हे घर. मालक बायकोपासून वेगळा राहत होता. 30 वर्षं कर्जाच्या हप्त्याबरोबर कर्ज देणारी कंपनीच कर भरत होती. 1997 मध्ये कर्ज फिटलं आणि कर भरणारं कोणी उरलं नाही. सरकारने सर्टिफाइड पत्र पाठवलं, घरी सही करायला कोणी नव्हतं, पत्र ‘अनक्लेम्ड’ शिक्क्यासह परत आलं. दोन वर्षांनी विक्रीआधी पुन्हा एक पाठवलं, तेही परत आलं. सुमारे 80,000 डॉलरचं घर 21,042 डॉलरला विकलं गेलं. न्यायालय म्हणालं, पत्र परत आलंय हे माहीत असताना गप्प बसणं चालणार नाही. शक्य असलेली पुढची पावलं उचला: साधं टपाल पाठवा, पाकिटावर ‘राहणाऱ्यास’ असं लिहा, दारावर नोटीस चिकटवा. दारावर समन्स डकवणं आपल्याला नवं नाही. तिथे मात्र ते सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

साध्या टपालाचा मुद्दा गमतीचा आहे. सर्टिफाइड पाकीट सही मागतं, म्हणून दिवसा कामावर असलेल्या, किंवा पोस्टमनला टाळणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. साधं पाकीट पेटीत पडून राहतं. महागड्या पाकिटाने पुरावा मिळतो, स्वस्ताने बातमी पोहोचते. दोन्ही एकाच दिवशी पाठवली तर जादा खर्च एका तिकिटाचा.

म्हणून यादीत आणखी एक रकाना असावा: परत आलं का, कोणत्या शिक्क्याने, मग काय केलं. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे माणूस बहुधा तिथेच आहे, दारावर जा. ‘मूव्ह्ड’ म्हणजे नवा पत्ता शोधा. पोस्टाची पत्ताबदलाची यादी ताडून घेता येते, पण त्यासाठी किमान 100 नावं लागतात. लहान गावाने फक्त थकबाकीदारांची नव्हे, सगळ्या करदात्यांची यादी ताडावी, तीही नोटिसांच्या आधी.

2023 मध्ये मिनियापोलिसमधल्या 94 वर्षांच्या बाईंच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं की थकबाकी वळती करून उरलेले पैसे सरकारला ठेवता येणार नाहीत. 15,000 डॉलरच्या देण्यापायी 40,000 ला विकलेल्या घराचे उरलेले 25,000 काउंटीने ठेवले होते. पैसे परत मिळतील, घर मिळेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कर कर्जाच्या एस्क्रो खात्यातून परस्पर जातो. कर्ज फिटलं की हे थांबतं, आणि बिल टाउनच्या दप्तरातल्या पत्त्यावर येऊ लागतं. तो पत्ता कुठला आहे हे एका फोनवर कळतं. आईवडिलांकडे पुण्याला सहा महिने जाऊन राहणार असाल, तर तो फोन निघण्यापूर्वी करा.