जुन्या जीपचे ब्रेक : दोष कसा ओळखावा

दुसऱ्या महायुद्धात कोलकाता हे ब्रह्मदेशाच्या आघाडीचे पिछाडीचे ठाणे होते. अमेरिकन सैन्याबरोबर त्या काळी जीपगाड्या या शहरात आल्या. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्र कंपनी त्याच घडणीच्या जीप जुळवू लागली. तशा गाड्या सांभाळणारे लोक आजही आहेत, आणि सुट्या भागांसाठी कोलकात्यात त्यांची पावले मल्लिक बाजाराकडे वळतात. परंतु ब्रेकच्या बाबतीत आधी भाग विकत आणावयाचे व मग दोष शोधावयाचा, हा क्रम उलटा आहे. दोष कोठे आहे हे पुष्कळदा चाक न उघडताही कळू शकते.

जीपचे पेडल दाबले की मुख्य सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकतो. द्रव दाबाने आकुंचन पावत नाही व बंद जागेतील दाब सर्वत्र सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम. त्यामुळे तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकातील लहान सिलिंडरात पोहोचतो आणि दोन बूट फाकून ड्रमच्या आतील बाजूस घासतात. आधुनिक मोटारींत द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. या जुन्या गाड्यांत एकच मार्ग आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून लहानशा लक्षणाचीही येथे उपेक्षा करून चालत नाही.

गाडी उभी असताना पेडल दाबून पाहावे. ते स्पंजासारखे मऊ लागले, तर द्रवात हवा शिरली आहे असे समजावे. हवा आकुंचन पावते, द्रव नाही. पेडल खोल जाते, पण लागोपाठ दोनतीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, तेव्हा बहुधा लायनिंग झिजून बूट ड्रमपासून दूर राहिलेले असतात. या ब्रेकमध्ये ते अंतर आपोआप भरून निघत नाही. पान्याने जुळवावे लागते. याउलट पेडल घट्ट लागून, पाय तसाच ठेवला असता हळूहळू खाली बसत असेल, तर दाब कोठेतरी निसटत आहे. टाकीतील द्रव कमी होत असल्यास चाकांच्या आतील बाजूस व नळ्यांवर ओल शोधावी. द्रव कमी होत नसेल, तर मुख्य सिलिंडरातील रबरी वाटीवर संशय घ्यावा.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा सामान्यतः ज्या बाजूला ती ओढते तिच्या समोरच्या बाजूचे चाक नीट काम करीत नसते.

ब्रेक सोडल्यावरही एखादे चाक धरून राहिले, तर एक सोपी व फार उपयुक्त परीक्षा आहे. इतर चाकांना अडण लावून ते चाक जॅकवर उचलावे, आधाराला ठोकळा द्यावा, पेडल दाबून सोडावे आणि चाक अडलेले असतानाच त्यावरील ब्लीडरचा पेच किंचित सैल करावा. थोडा द्रव उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता. अशा वेळी जुनी रबरी नळी आतून फुगलेली असण्याचा संभव असतो. बाहेरून ती अगदी धडधाकट दिसते. पेच सोडूनही चाक फिरेना, तर अडचण ड्रमच्या आत आहे : स्प्रिंग, बूट किंवा गंजलेला दट्ट्या. चारही चाके धरत असतील, तर मुख्य सिलिंडराकडे वळावे. पेडलला पुरेशी मोकळी चाल नसल्यास द्रवाचा परतीचा मार्ग उघडतच नाही.

ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

कोलकात्याच्या दमट हवेत द्रवाकडेही लक्ष हवे. सामान्य ब्रेक-द्रव हवेतील पाणी शोषतो. डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. वजनाने सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. सपाट शहरात हा दोष दडून राहतो. तीच गाडी दार्जिलिंगच्या डोंगरात नेली की चित्र पालटते. हजार किलो वजनाची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे तीस लिटर पाणी उकळीस आणील. खालचा गिअर टाकला तर इंजिन तिचा मोठा वाटा उचलते. नाही तर बहुतेक सारी उष्णता ड्रमात जाते. द्रव उकळून वाफ झाली की पेडल तळाला टेकते, आणि थंड झाल्यावर सारे पुन्हा ठीक भासते! टाकीत इंजिनाचे तेल मात्र कधीही घालू नये. रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर बसतो. त्याला द्रव लागत नाही, म्हणून पेडल दगा देते तेव्हा तोच उरतो. तो धरत नसेल तर केवळ तार आवळून भागत नाही. त्याच्या पुढील ऑइल सीलमधून तेल गळून लायनिंगवर आले आहे काय, हे गाडीखाली जाऊन पाहावे.