पितळी चकतीच्या शोधात

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीकजवळ, 3 मे 2000 रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरली, तीत काही वस्तू व एक वही ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता सरकारने नुकतीच काढून टाकली होती. शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र आता दहा-वीस मीटरांत जागा दाखवू लागले होते. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधली आणि ‘जिओकॅशिंग’चा छंद सुरू झाला. डबीतून वस्तू घेतली, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी, असा त्याचा नियम. व्यापारी घरातील मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

या छंदाला पुढे एक अधिक उपयुक्त फांदी फुटली : भूमापनाच्या खुणा शोधणे. 1807 मध्ये स्थापन झालेल्या किनारा-सर्वेक्षण खात्याने व त्याच्या वारसांनी देशभर खडकांत, पुलांवर, न्यायालयांच्या भिंतींत तळहाताएवढ्या धातूच्या चकत्या बसविल्या. रस्ते, पूल, पूररेषा यांची मोजमापे त्यांवरून घेतली जातात. (आपल्याकडे नागपूरच्या झिरो माइलपाशी अशीच जुनी खूण आहे.) रस्तारुंदीकरणात किती चकत्या गेल्या, हे पाहण्यास प्रत्येक ठिकाणी माणूस धाडणे कार्यालयाला शक्य नसते. सुट्टीच्या दिवशी हिंडणारे कुटुंब ते काम सहज करू शकते.

सहज म्हटले खरे. परंतु येथे यंत्र थोडेच साथ देते. उंचीच्या अनेक खुणांचे स्थान जुन्या नकाशावरून अंदाजे काढलेले असते व ते शेकडो फूट चुकू शकते. मग हाती उरते ते मोजणीदाराने कित्येक दशकांपूर्वी लिहिलेले वर्णन : रस्त्याच्या मध्यापासून इतके फूट, कोठाराच्या कोपऱ्यापासून तितके. कोठार कधीच पडलेले असते, रस्ता सरकलेला असतो. टेप धरून, माती हलकेच बाजूला सारून पाहावे लागते. त्रिकोणमापनाच्या मुख्य चकतीभोवती बाण कोरलेल्या साहाय्यक चकत्याही असतात. नवशिके तिच्यावरच समाधान मानून परततात. म्हणून चकतीवरील अक्षरे वाचल्याशिवाय ‘सापडली’ असे लिहू नये.

नोंदीचा हा काटेकोरपणा मला या छंदाचा प्राण वाटतो. ‘सापडली नाही’ आणि ‘नष्ट झाली’ या दोन भिन्न नोंदी आहेत. दुसरीसाठी राष्ट्रीय भूमापन कार्यालय पुरावा मागते, उदाहरणार्थ उखडलेल्या चकतीचे छायाचित्र. उतावळेपणाने ‘नष्ट’ लिहिले, तर मातीखाली शाबूत असलेली खूण हिशेबातून जाते. न पाहता ‘शाबूत’ लिहिले, तर मोजणीदारांचा दिवस वाया जातो. आणि डबीचा नियम येथे लागू नाही : चकतीला हात लावायचा, उचलायचे काहीही नाही.

जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळावर अशा सात लाखांहून अधिक खुणांची यादी होती. 2023 मध्ये तो विभाग बंद झाला. भूमापन कार्यालय मात्र नागरिकांच्या नोंदी अजूनही स्वीकारते.