हार्मोनचा रिपोर्ट आला, पुढे काय?



हंगामाच्या तोंडावर गट ऑफिसात उचलीचे अर्ज येऊ लागतात. बेणे, खत, लग्नकार्य, दवाखाना अशी नेहमीची कारणे असतात. अशाच एका अर्जाला आमच्या एका सभासदांनी घरच्या मालकीणबाईंच्या दवाखान्याचे कागद जोडले होते. वहिनींचे वय ३९. सहा महिन्यांपासून पाळी आली की दहा-दहा दिवस थांबायची नाही. अंगात त्राण नाही, दुपारी डोळे मिटायचे, आवाजही जड झालेला. एका खाजगी दवाखान्यात सांगितले गेले, "हार्मोन बिघडलेत, पिशवी काढून मोकळे व्हा." ऑपरेशनची तारीखही ठरली होती आणि उचल त्यासाठीच हवी होती.

कागदांत रक्ताचा रिपोर्ट होता. दोन आकड्यांपुढे फुली होती. टीएसएच ४६ आणि प्रोलॅक्टिन ३४. त्याबद्दल नवरा-बायकोला कोणी चकार शब्द सांगितलेला नव्हता. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण योगायोगाने आमचे लॅब केमिस्ट तिथे बसले होते. ते म्हणाले, "ज्या आकड्याला फुली आहे त्याचं काय केलं, ते आधी विचारा. मग पिशवीचं बघू." तेवढ्या एका वाक्यावर ही मंडळी सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून घेतली, ती निर्धोक निघाली. थायरॉईडची आणि लोहाची गोळी सुरू झाली. ऑपरेशन पुढे ढकलले गेले ते कायमचेच.

आता या फुल्यांचा अर्थ काय, ते आम्ही त्याच डॉक्टरीणबाईंकडून समजून घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर असे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिला पिट्युटरी म्हणतात. ती गळ्यातल्या थायरॉईडला आणि ओटीपोटातल्या बीजकोशांना रक्तातून हुकूम पाठवते. यार्डात ऊस कमी पडला की शेती खाते गटाला निरोपावर निरोप धाडते, तशातला प्रकार. निरोप वाढले म्हणजे ऊस वाढला असे नव्हे. ऊस येत नाही म्हणून निरोप वाढले. टीएसएच हा थायरॉईडला धाडलेला निरोप आहे. तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा. ४६ झाला याचा अर्थ थायरॉईड मंदावलेली आहे. "माझा थायरॉईड वाढलाय" असे लोक म्हणतात, तिथे बहुतेक वेळा ग्रंथीचे काम कमी पडलेले असते! ती मंदावली की थकवा, बद्धकोष्ठ, वजनवाढ होते आणि पाळीला रक्त जास्त जाते. पीयूषिकेवर मेंदूचा असा जोर वाढला की प्रोलॅक्टिनही थोडे चढते. म्हणजे वहिनींच्या रिपोर्टातल्या दोन फुल्यांचे मूळ एकच होते.

हीच रीत एफएसएच या आकड्याची. तो बीजकोशांना धाडलेला हुकूम. पाळी कित्येक महिने बंद आहे आणि एफएसएच २५ च्या वर गेला, म्हणजे बीजकोश दमले. पंचेचाळिशीनंतर हे वयोमानाप्रमाणेच होते, त्यासाठी रक्त तपासण्याची बहुधा गरजही नसते. पण चाळिशीच्या आत असे झाले तर "लवकर सुटलीस बाई" म्हणून सोडून देऊ नये. हाडे ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. त्यावर औषध आहे.

पिशवीचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. या बाया आपल्याच फडांत मोळ्या बांधतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी नुसती थांबत नाही, तिला एका दिवसात म्हातारपण येते. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, हे खरे. पण "हार्मोन बिघडले" हे त्याचे कारण म्हणून कोणी सांगितले, तर कोणते हार्मोन, किती आणि कशामुळे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

रक्त कधी काढले, यावर फार अवलंबून असते, आणि इथेच जास्त घोळ होतात. शेंड्याच्या कांडीचा ब्रिक्स बघून कोणी अख्ख्या प्लॉटचा उतारा सांगत नाही. बुडख्याचा वेगळा, शेंड्याचा वेगळा. बाईच्या शरीरात तर महिनाभर आकडे खाली-वर होत असतात. एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. महिन्याच्या मध्यावर, बीज सुटताना, ते धडधाकट बाईतही उसळी घेतात. प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी बघावे. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर एकविसावा दिवस, पस्तीस दिवसांची असेल तर अठ्ठाविसावा. तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांचेच कमी असते. आणि एवढे असूनही रिपोर्टावर पाळीची तारीख लिहिलेली आम्ही क्वचितच पाहिली.

प्रोलॅक्टिन तर भित्रे असते. एस.टी.त उभ्याने प्रवास करून, सुईच्या धास्तीने धडधडत्या छातीने रक्त दिले तरी थोडे चढते. अंगावर पाजणाऱ्या बाईत ते चढलेलेच असते. मळमळीवरच्या डॉमपेरिडोनसारख्या गोळीने आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनीही चढते. म्हणून थोडे वाढलेले असेल तर विसावा घेऊन पुन्हा तपासतात. २०० नॅनोग्रॅमच्या पुढे गेले तर पीयूषिकेवर गाठ असण्याचा संभव असतो. गाठ म्हटले की घरात रडारड होते, पण ही गाठ बहुतेक वेळा गोळ्यांनीच आक्रसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना काढलेले एफएसएच-एलएच निरुपयोगी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्याने यंत्राचा आकडाच चुकतो. आणि पाळी चुकली असेल तर बाकी सगळ्याआधी गरोदरपणाची तपासणी. हे सांगायला आम्हाला थोडे हसू येते, पण महागडे पॅकेज झाल्यावर ही गोष्ट कळलेली घरे आहेत.

पॅकेजवरून आठवले. 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जण बसतील अशी आखलेली असते. म्हणजे निरोगी वीस बायकांत एकीला फुली पडणारच. दहा चाचण्या एकदम केल्या तर धडधाकट बाईच्याही एखाद्या आकड्याला फुली पडण्याचा संभव दहात चारच्या आसपास जातो.

सभासदांच्या मुलींच्या बाबतीत हल्ली 'पीसीओडी' हा शब्द फार ऐकू येतो. तो एका आकड्यावर ठरत नाही. पाळी लांबणे, पुरुषी हार्मोन वाढल्याची चिन्हे किंवा तसा रक्ताचा आकडा, आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजकोश, या तिन्हींतली दोन लक्षणे असावी लागतात. वयात येऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलीत सोनोग्राफी धरतच नाहीत. एएमएच हा आकडा कमी आला म्हणून मूल होणार नाही, असेही नसते. त्यावरून सोयरिकी मोडू नयेत.

मात्र एक गोष्ट रिपोर्टाची वाट पाहण्याची नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर हार्मोन तपासत बसू नये. थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठावा. कर्करोगाची शंका आधी दूर व्हायला हवी.

आमची एक तक्रार आहे, ती इथेच नोंदवतो. गट ऑफिसात रिपोर्ट घेऊन पुरुष येतात. ज्यांचे रक्त, त्या घरी. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, कोणती गोळी चालू आहे, याचे उत्तर पुरुषाकडे नसते. मग डॉक्टरने तरी काय वाचायचे?

वहिनी मात्र दुसऱ्या खेपेपासून स्वतः जाऊ लागल्या. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून मात्रा बसवायची, आणि आकडा जागेवर आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. चार महिन्यांनी टीएसएच ३.१ वर आला. प्रोलॅक्टिनला वेगळे औषध न देताच ते १४ वर उतरले. पाळी पाच दिवसांवर आली. कारखान्याची दिनदर्शिका त्यांच्या चुलीशेजारी टांगलेली आहे, तिच्यावर दर महिन्याला पेन्सिलीने एक बारीक खूण असते. पुढच्या तपासणीला जाताना त्या ते पान फाडून नेतात.