कारागृहातील रंगभूमी

कारागृहातील रंगभूमी म्हणजे तुरुंगातील बंद्यांनी, बहुधा बाहेरील रंगकर्मींच्या मार्गदर्शनाखाली, नाटक बसवून सादर करण्याचा उपक्रम होय. बंद्यांच्या करमणुकीसाठी बाहेरच्या नाट्यसंस्थेने केलेल्या प्रयोगाहून तो वेगळा आहे. येथे बंदी हा प्रेक्षक नसून नट असतो आणि प्रयोगापेक्षा तालमीला अधिक महत्त्व असते.

स्वरूप

कारागृहात बंद्याचा दिवस इतरांनी ठरवलेला असतो व त्याची ओळख त्याच्या गुन्ह्याशी जोडलेली असते. तालमीत त्याला दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करावा लागतो, सहनटाचे बोलणे पूर्ण ऐकावे लागते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. निरक्षर बंदी संवाद ऐकून पाठ करतात. नाटक पाहताना कारागृहातील कर्मचारी आणि बंद्यांचे नातेवाईक यांनाही तो माणूस वेगळ्या रूपात दिसतो.

जगातील प्रारंभीचे प्रयोग

१९ नोव्हेंबर १९५७ रोजी अमेरिकेतील सॅन क्वेंटिन तुरुंगात सॅम्युएल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाचा प्रयोग सुमारे १,४०० बंद्यांसमोर झाला. सुशिक्षित प्रेक्षकांना दुर्बोध वाटलेले हे प्रतीक्षेचे नाटक बंद्यांना मात्र सहज भिडले. तेथील एक बंदी रिक क्लची यांनी पुढे सहबंद्यांचा नाट्यगट उभारला आणि सुटकेनंतर खुद्द बेकेट यांच्या दिग्दर्शनाखाली काम केले. इटलीतील व्होल्तेरा येथे अर्मांदो पुंझो यांनी १९८८ पासून बंद्यांसोबत नाट्यकार्य चालवले आहे.

भारतातील उपक्रम

मैसूरच्या ‘रंगायण’ संस्थेतील अभिनेते-दिग्दर्शक हुलुगप्पा कट्टीमनी यांनी कर्नाटकातील बंद्यांसोबत अनेक नाटके बसवली. त्यांपैकी एच. एस. शिवप्रकाश यांचे ‘मारनायकन दृष्टांत’ हे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर आधारित आहे. खून आणि त्यानंतरची मनाची तळमळ हा या नाटकाचा विषय असल्याने जन्मठेपेच्या बंद्याने त्यात काम करणे हे केवळ अभिनयापुरते राहत नाही.

कोलकात्यात नृत्यांगना अलोकानंदा रॉय यांनी २००७ पासून बंद्यांना नृत्य शिकवण्यास आरंभ केला व रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘वाल्मीकि प्रतिभा’ (१८८१) ही संगीतिका त्यांच्याकडून सादर करवली. वाल्या कोळ्याची कथा मराठी वाचकांस परिचित आहेच. या संगीतिकेतही दरोडेखोराचा कवी होतो. वाल्मीकीची भूमिका करणारे नायजेल अक्कारा यांनी सुटकेनंतर ‘मुक्तधारा’ (२०१२) या बंगाली चित्रपटात प्रमुख भूमिका केली.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

बंद्यावर विश्वास टाकून त्याला सुधारण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ (सध्याचा सांगली जिल्हा) १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली. तेथे बंदी उंच भिंतींविना राहून शेती करीत. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळातील या प्रयोगामागे मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट काढला. स्वतंत्रपूर हा नाट्योपक्रम नव्हता. तथापि माणसाला जबाबदारी दिली की तो ती पेलण्याचा यत्न करतो, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

परिणाम व मर्यादा

आत्मविश्वास, संवादकौशल्य आणि रागावरील ताबा यांत सुधारणा होते, असे या क्षेत्रातील कार्यकर्ते नोंदवतात. मात्र नाटकासाठी बहुधा चांगल्या वर्तनाचे बंदी निवडले जातात. त्यामुळे झालेल्या बदलाचे श्रेय नाटकाला किती द्यावे, हे ठरवणे कठीण जाते.

दुसरी मर्यादा बंद्यांच्या स्थितीची आहे. २०२२ अखेर भारतीय कारागृहांतील सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते. त्यांची सुटका, बदली वा न्यायालयाची तारीख केव्हा येईल याचा नेम नसल्याने महिनोन्‌महिने चालणाऱ्या तालमी मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांनाच शक्य होतात. म्हणजेच दोष सिद्ध न झालेला बहुसंख्य वर्ग या उपक्रमांपासून दूर राहतो.

गुन्हेगाराला मिळणाऱ्या टाळ्या पीडितांच्या कुटुंबीयांना क्लेशदायक ठरू शकतात, असाही आक्षेप घेतला जातो. त्यावर समर्थकांचे म्हणणे असे की, बहुतेक बंदी कधीतरी समाजात परतणारच असतात आणि ते कोणत्या मनःस्थितीत परततात, याच्याशी समाजाचेही हित निगडित आहे. सुटकेनंतर रोजगार व निवारा न मिळाल्यास रंगमंचावर कमावलेला आत्मविश्वास टिकणे अवघड असते. म्हणून नाटक हा पुनर्वसनाचा पर्याय नसून त्याचा एक भाग मानला जातो.